जुन्या १९११ पिस्तुलाला पॉइंट ट्वेंटी-टूचं किट बसवायचंय? आधी कानस खाली ठेव

तुझा प्रश्न थोडक्यात असा की सीएमपी म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, लष्कराची जुनी शस्त्रं नागरिकांना विकणारी संस्था, तिच्या लॉटरीत तुला रेमिंग्टन रँडची एम१९११ए१ मिळाली, दुसऱ्या महायुद्धातली, फील्ड ग्रेड म्हणजे मधल्या दर्जाची. नंतर एका गन शोमध्ये जुन्या डब्यातलं कोल्टचं .२२-.४५ कन्व्हर्जन युनिट, म्हणजे .४५ च्या पिस्तुलातून .२२ झाडता यावी म्हणून वरचा भाग बदलायचं किट, दिसलं आणि घेतलंस. आता किटची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) फ्रेमवर (खालच्या मुठीच्या सांगाड्यावर) अर्ध्यापर्यंत जाते आणि अडकते. रेंजवरचा मित्र म्हणतो फ्रेमच्या रेल्सना (स्लाइड ज्यांवर सरकते त्या कडांना) लॅपिंग कंपाउंड, म्हणजे घासायची कणीदार पेस्ट, लावून मागेपुढे घासून घे, दहा मिनिटांचं काम आहे. आणि तू विचारतोयस, काका, घासू का?

नको. अजिबात नको. बाकीचं सगळं उत्तर वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेव की मूळ पिस्तुलाचा एकही भाग घासायचा नाही, कापायचा नाही, वाकवायचा नाही. किट बसत नसेल तर दोष किटमध्ये शोधायचा आणि दुरुस्तीही किटवरच, आणि तुझ्या बाबतीत तर किटवरसुद्धा नाही, कारण तुझं किट स्वतःच जुनं आणि जपण्यासारखं आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

मी हे काम गेली बावीस वर्षं करतोय, आधी हौस म्हणून आणि मग लायसन्स काढून छोट्या वर्कशॉपमध्ये. अशी किटं आजपर्यंत शंभराच्या वर बसवली असतील, त्यातली खरोखर घासून बसवावी लागली अशी फार थोडी. उरलेल्यांमध्ये कारण दुसरंच निघालं.

आधी थोडं हे किट काय आहे ते समजून घे, म्हणजे ते का अडतं आणि चालताना का रुसतं तेही कळेल.

१९११ म्हणजे जॉन ब्राउनिंगचं पिस्तुलाचं डिझाइन, अमेरिकन लष्कराने मार्च १९११ मध्ये स्वीकारलेलं. त्याची .४५ ची गोळी जड, २३० ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आणि पिस्तूल बनवलंय त्या धक्क्यासाठी, म्हणजे जाड स्टीलची स्लाइड, दणकट स्प्रिंग. .२२ लाँग रायफलची गोळी जेमतेम ४० ग्रेनची. आता गंमत बघ, जास्तीत जास्त प्रेशरचा आकडा बघितला तर .२२ चा २४,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) आहे आणि .४५ चा २१,००० पीएसआय, म्हणजे छोटीचाच जास्त. पण स्लाइड ढकलायला नुसतं प्रेशर पुरत नाही, ते किती क्षेत्रफळावर लागतं ते बघावं लागतं आणि .४५ च्या गोळीचा काटछेद .२२ च्या चौपट आहे. वर गोळी हलकी. त्यामुळे .२२ च्या बिचाऱ्या काडतुसाला एवढी जड स्लाइड मागे ढकलणं झेपत नाही.

कोल्टने १९३१ मध्ये एस नावाचं .२२ पिस्तूल काढलं, १९११ च्याच आकाराचं, साधं ब्लोबॅक म्हणजे काडतुसाच्या धक्क्यानेच स्लाइड मागे जाणारं, आणि त्यात हीच अडचण आली, दारूगोळा जरा मंद असला किंवा पिस्तूल जरा मळलं की स्लाइड पूर्ण मागे जायची नाही. यावर उपाय काढला डेव्हिड मार्शल विल्यम्स याने, ज्याला पुढे लोक कार्बाइन विल्यम्स म्हणायला लागले. हा नॉर्थ कॅरोलायनाचा माणूस, १९२१ मध्ये एका डेप्युटी शेरीफच्या खुनाच्या प्रकरणात शिक्षा झालेला आणि तुरुंगाच्या वर्कशॉपमध्ये बसून बंदुकांच्या यंत्रणा तयार करणारा. १९२९ मध्ये सुटला. त्याची कल्पना अशी की चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो कप्पा, बॅरलचा (नळीचा) भाग ठेवायचाच नाही, वेगळा तुकडा करायचा, जो मागे अगदी थोडा सरकू शकेल. गोळी चेंबरमधून बॅरलमध्ये गेली की मागून येणारा गॅस त्या सरकत्या चेंबरच्या पुढच्या तोंडावरही दाब देतो, म्हणजे दाबाला क्षेत्रफळ जास्त मिळतं आणि चेंबर स्लाइडला जोरात मागे ढकलतो. धक्का कित्येक पट वाढतो, हाताला .४५ ची थोडीफार आठवण यावी इतका. यालाच फ्लोटिंग चेंबर म्हणतात. १९३७ मध्ये सर्व्हिस मॉडेल एस यावर आलं आणि १९३८ मध्ये तुझ्या हातात आहे ते कन्व्हर्जन युनिट, म्हणजे ज्याच्याकडे .४५ आहे त्याने फक्त वरचा भाग बदलायचा. युद्धात उत्पादन थांबलं, १९४७ च्या सुमारास परत सुरू झालं आणि मग बरीच वर्षं चाललं.

याची गरज कोणाला होती? मुख्यतः बुल्सआय नेमबाजांना, म्हणजे कागदी लक्ष्यावर अचूक नेमाच्या स्पर्धा खेळणाऱ्यांना. २७०० ची मॅच असते ना, .२२, सेंटरफायर (तळाच्या मधोमध पिन आपटणारं काडतूस) आणि .४५ अशा तिन्हीत प्रत्येकी नव्वद गोळ्या, पन्नास यार्डांवर स्लो फायर (सावकाश) आणि पंचवीसवर टाइम्ड आणि रॅपिड (ठरावीक सेकंदांत). एकाच मुठीने, एकाच ट्रिगरवर सराव झाला तर हाताला एकच सवय लागते. ओहायोत लेक ईरीच्या काठी कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात, तिथे अजूनही फिरून ये, जुन्या फ्रेमवर .२२ चा वरचा भाग लावून बसलेली माणसं भेटतील. स्वस्त दारूगोळा हे कारण तर आहेच. आणि तुझ्यासारख्यांसाठी तिसरं कारण, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, की युद्धातल्या या स्लाइडचं स्टील आजच्याइतकं सगळीकडून कडक केलेलं नसायचं, त्या स्लाइडला आणि त्या बॅरलला जितका आराम देशील तितकं बरं. .२२ चं किट लावलंस की मूळ स्लाइड, बॅरल, बुशिंग (बॅरलच्या तोंडाशी बसणारी कडी) सगळं तेल लावून कपाटात. फ्रेम तेवढी काम करते आणि तिला बसणारा मारही हलका.

आता तुझ्या अडकलेल्या स्लाइडकडे येऊ.

पहिलं काम, पिस्तूल रिकामं आहे याची खात्री. मॅगझीन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये डोळ्याने बघ आणि करंगळी घालूनही बघ. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत, .४५ ची पण आणि .२२ ची पण. मला माहितीये तुला हे येतं, तरी मी स्वतः दर वेळी करतो आणि दर वेळी लिहितोही.

मग मूळ स्लाइड लावून बघ. ती गुळगुळीत मागेपुढे होते का? होत असेल तर फ्रेमच्या रेल्स सरळ आहेत, वाकलेल्या नाहीत, चेपलेल्या नाहीत, आणि मग घासायचं कारणच संपलं. ही इतकी साधी गोष्ट आहे पण मित्राच्या सल्ल्यात ती नव्हती. मूळ स्लाइडही अडत असेल तर मात्र फ्रेमला काहीतरी झालंय, कोणीतरी व्हाइसमध्ये जास्त आवळलंय किंवा ती पडलीये, आणि मग ते घरी करायचं काम नाही.

पुढे, किटची स्लाइड. जुनी किटं वर्षानुवर्षं डब्यात पडून असतात, तेव्हा लावलेलं तेल सुकून वार्निशसारखं होतं. डोळ्याला दिसत नाही, बोटालाही नीट लागत नाही, पण रेल्सच्या खाचेत बसतं. मागच्याच हिवाळ्यात एक गृहस्थ असंच किट घेऊन आले, अगदी तुझ्यासारखंच, अर्ध्यावर अडायचं. मी ते सॉल्व्हंटमध्ये रात्रभर ठेवलं, सकाळी जुन्या टूथब्रशने खाचा घासल्या, लाकडी टूथपिकने कोपरे काढले, पिवळट तपकिरी गाळ निघाला, आणि स्लाइड शेवटपर्यंत गेली. एक कण धातू काढावा लागला नाही. हॉप्पीज नंबर नाइन किंवा तसलं कुठलंही चांगलं सॉल्व्हंट चालेल. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर घालून खरवडू नकोस, लाकूड किंवा पितळच.

एवढं करून अडलंच तर नेमकं कुठे अडतं ते शोध. काळा परमनंट मार्कर घे, किटच्या स्लाइडच्या खाचांच्या कडांना आणि फ्रेमच्या रेल्सना हलका लाव, वाळू दे, मग जोर न लावता स्लाइड सरकव आणि काढ. जिथे शाई खरवडली गेली तिथे भेटतायत. दोन्ही बाजूंना सारखी खरवडली असेल तर खरंच टाइट आहे. एकाच जागी टिकली एवढा डाग दिसला तर तिथे बर आहे, कधीतरी आपटून उठलेली धातूची कड. शाई कुठेच खरवडली नाही तरी अडतंय, असं असेल तर रेल्सचा संबंधच नाही, दुसरं काहीतरी आडवं येतंय.

हे दुसरं काहीतरी बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. एक म्हणजे डिस्कनेक्टर. फ्रेमच्या वर मधोमध जो छोटा गोल दांडा डोकं काढून असतो तो. स्लाइड मागे सरकवताना तो दबला नाही तर स्लाइड त्याच्यावर जाऊन थांबते, आणि नेमकी अर्ध्यावर थांबल्यासारखी वाटते. हॅमर (मागचा घोडा) मागे ओढून ठेव, डिस्कनेक्टर बोटाने खाली दाब आणि स्लाइड त्याच्यावरून ने. किटच्या स्लाइडच्या पोटाला कड असेल तर तिथे तो अडकतो. दुसरं म्हणजे इजेक्टर, रिकामी पुंगळी (काडतुसाचं कवच) बाहेर फेकणारा तुकडा. तुझ्या फ्रेमवर .४५ चा इजेक्टर पिनने बसवलेला आहे आणि तो तसाच राहतो, काढायचा नाही, आणि कोल्टच्या किटमध्ये .२२ साठी वेगळा छोटा इजेक्टर येतो. तो जागेवर नीट बसला नसेल तर स्लाइड जाणार नाही, आणि जोर केलास तर तो वाकेल. तो वाकला किंवा हरवला तर परत मिळवणं म्हणजे जिकिरीचं काम, म्हणून म्हणतो जोर नको.

त्यावरून आठवलं, तुझ्या डब्यातले भाग मोजलेस का? पूर्ण युनिटमध्ये स्लाइड, बॅरल, फ्लोटिंग चेंबर, बुशिंग, रिकॉइल स्प्रिंग, इजेक्टर, स्वतःचा स्लाइड स्टॉप आणि दहा गोळ्यांचं मॅगझीन असायला पाहिजे. गन शोमधल्या जुन्या डब्यांत छोटे भाग हमखास गहाळ असतात. स्लाइड स्टॉप तुझ्या .४५ चाच वापरतोयस का बघ, किटचा आणि पिस्तुलाचा अदलाबदल करू नको, .२२ चं मॅगझीन संपल्यावर स्लाइड मागे धरून ठेवायला त्याला त्याचाच लागतो. आणि फ्लोटिंग चेंबर जागेवर नसेल तर ते किट चालवायचं नाही, मग कोणी काहीही सांगो.

आता समज सगळं तपासलं, आणि खरंच ती स्लाइड तुझ्या फ्रेमला टाइटच आहे. लढाईच्या काळात पाच वेगवेगळ्या कंपन्यांनी ही पिस्तुलं बनवली, कोल्ट, रेमिंग्टन रँड, इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल आणि शिवणयंत्रवाली सिंगर, सिंगरने तर फक्त पाचशे. वर सीएमपीकडे आलेल्या बऱ्याचशा पिस्तुलांचं मधल्या काळात लष्करी डेपोत रिबिल्ड झालेलं असतं, एकाची फ्रेम दुसऱ्याची स्लाइड. त्यामुळे मापं थोडी इकडेतिकडे असणार, हे मान्य. पण आता तुझ्यासमोर दोन जुन्या वस्तू आहेत. एक ऐंशी वर्षांची फ्रेम जिचं पार्कराइझिंग (गंज रोखणारा लष्करी थर) एकदा रेल्सवरून गेलं की मूळचं परत येत नाही, आणि दुसरं कोल्टचं जुनं युनिट ज्याला संग्राहक चांगली किंमत देतात. यातलं कुठलंही घासणं म्हणजे कायमचं नुकसान. अशा वेळी माझा सल्ला सरळ आहे. कोल्टचं युनिट दुसऱ्या फ्रेमसाठी ठेव, किंवा ज्याला हवंय त्याला दे, आणि त्या पैशात आजच्या काळातलं किट घे.

आजची किटं वेगळ्या विचाराने बनवतात. फ्लोटिंग चेंबर नाही, साधं ब्लोबॅक, आणि स्लाइड ॲल्युमिनियमची म्हणजे हलकी, .२२ ला सहज ढकलता येते. सिनर, अॅडव्हांटेज आर्म्स, मार्वल, नेल्सन या कंपन्यांची, आणि किंबरनेही काढलं होतं. मॅच खेळायची असेल तर मार्वल किंवा नेल्सन बघ, महाग आहेत पण पन्नास यार्डांवर जे ग्रुप देतात ते बघून समाधान होतं. नुसतं रविवारी डबे पाडायचे असतील तर बाकीची पुरेत. आणि मुख्य म्हणजे यातली स्लाइड थोडी टाइट असली तर ती घासायला जीव कचरत नाही, ती उद्या परत विकत मिळते. तीसुद्धा कशी घासायची, तर मार्करने डाग शोधून फक्त तेवढ्या जागी, ६०० नंबरचा पेपर चपट्या काडीला गुंडाळून, चार हात मारायचे, पुसायचं, लावून बघायचं. लॅपिंग कंपाउंड इथे तर मुळीच नको, कारण ॲल्युमिनियम मऊ असतं, कंपाउंडचे कण त्यात रुतून बसतात आणि मग ती स्लाइडच कानस होऊन दर गोळीला तुझी स्टीलची फ्रेम खात राहते. तुझ्या मित्राला हे नक्की सांग.

थंब सेफ्टीबद्दल (अंगठ्याने लावायच्या सुरक्षा-खटक्याबद्दल) मुद्दाम वेगळं लिहितो कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. सेफ्टी वर केली की तिचा वरचा कोपरा स्लाइडच्या खाचेत शिरतो. किटच्या स्लाइडची खाच केसभर पुढेमागे असली की सेफ्टी वर जात नाही. सुरुवातीच्या काळात एका इथाकावर मी सेफ्टीचाच तो कोपरा घासला, कारण तो बाहेर होता, हाताशी होता, सोपं होतं. किट छान बसलं. मग मूळ .४५ ची स्लाइड परत लावली तर सेफ्टी लावूनही स्लाइड मागेपुढे खुळखुळायला लागली. ती सेफ्टी त्या पिस्तुलाबरोबर १९४३ पासून होती. मी त्या माणसाला त्याच काळातली दुसरी शोधून आणून दिली, पण ती त्याची नव्हती आणि त्याने ते बोलून दाखवलं नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्या दिवसापासून खाच वाढवायची तर किटच्या स्लाइडची, सेफ्टीला हात नाही.

आणखी एक जखम जी रोज कोणी ना कोणी करतं. स्लाइड स्टॉप बसवताना तो वरच्या बाजूला नेऊन खटकन आत ढकलतात आणि फ्रेमवर डावीकडे अर्धगोल ओरखडा उमटतो, कायमचा. नवीन पिस्तुलावर ठीक, युद्धातल्या फिनिशवर ते बघवत नाही. किट लावायचं आणि काढायचं म्हणजे हे दर वेळी दोनदा होणार. फ्रेमवर त्या जागी मास्किंग टेपचे दोन थर लाव, बारीक चपट्या काडीने तो स्प्रिंगवाला प्लंजर आत दाबून धर आणि स्लाइड स्टॉप सरळ आत घाल. रिकॉइल स्प्रिंगचा प्लग काढताना अंगठा वर घट्ट ठेव आणि डोळ्यावर चष्मा, तो सुटला तर छताला जाऊन लागतो.

बसलं? तर लगेच रेंजवर पळू नकोस. आधी रिकाम्या पिस्तुलावर सगळ्या सेफ्ट्या तपास. रिमफायरला (.२२ सारखं, तळाच्या कडेवर पिन आपटणारं काडतूस) ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढणं, चालत नाही, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि कड चेपते, मग पुंगळी निघायला त्रास देते. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रूसाठी ठोकायचे पिवळे प्लास्टिकचे अँकर मिळतात, लहान आकाराचे, ते .२२ च्या चेंबरमध्ये छान बसतात, तेच डमी म्हणून वापर. हॅमर चढव, सेफ्टी लाव, ट्रिगर ओढ, हॅमर पडता कामा नये. ट्रिगर सोडून सेफ्टी काढ, तेव्हाही पडता कामा नये. मागची ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढ, पडता कामा नये. मग स्लाइड पाव इंच मागे धरून ट्रिगर ओढ, तेव्हाही नाही, हा डिस्कनेक्टरचा तपास. शेवटी ट्रिगर दाबूनच ठेव, स्लाइड मागे ओढून सोड, हॅमर चढलेलाच राहिला पाहिजे. स्लाइडच्या मागोमाग खाली आला तर सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका) झिजलाय, आणि असं पिस्तूल एका ट्रिगरला दोन तीन गोळ्या सोडू शकतं. यातलं एकही चुकलं तर थांब आणि चांगल्या गनस्मिथकडे जा.

रेंजवर पहिल्या वेळी मॅगझीनमध्ये एकच गोळी, मग दोन, मग पाच. चष्मा लावायचाच, कारण .२२ ची पुंगळी पातळ असते, नीट बंद न झालेल्या चेंबरमध्ये उडाली तर फाटून मागे कण येतात.

दारूगोळा. फ्लोटिंग चेंबर असो वा नवीन किट, ज्याला जे मानवतं तेच खायला घाल. ॲल्युमिनियमवाल्या बहुतेक किटांना सीसीआय मिनी-मॅग सारखी, १,२३५ फूट प्रतिसेकंदवाली गोळी आवडते. मार्वलसारख्या मॅच किटला स्टँडर्ड व्हेलॉसिटी, १,०७० च्या आसपासची. स्टिंगर नावाची गोळी वापरू नको, त्याची पुंगळीच नेहमीच्या .२२ पेक्षा लांब असते, टाइट चेंबरला ती नीट बसत नाही. पुंगळी बाहेर पडताना उभी अडकत असेल, तर सगळ्यात आधी दुसरं मॅगझीन लावून बघ आणि दुसरी गोळी. दहातल्या सात तक्रारी तिथेच संपतात. हॅमरची मेनस्प्रिंग हलकी करा असं लोक सांगतील, हलकी स्लाइड हॅमर चढवायला धडपडते हे खरंही आहे, पण स्प्रिंग हलकी केली की रिमवर मार कमी बसतो आणि गोळ्या पेटत नाहीत. मूळ २३ पाउंडाची आहे तशी राहू दे.

कोल्टचं युनिट चालवायचंच ठरवलंस तर साफसफाईत कुचराई नको. .२२ च्या गोळीला बाहेरून मेण असतं, शिसं मऊ, दारू मळकट. हे सगळं फ्लोटिंग चेंबर आणि बॅरलच्या मधल्या फटीत जाऊन थापलं जातं आणि एक दिवस चेंबर हलायचा थांबतो. दर वेळी चालवून झालं की चेंबर काढ, सॉल्व्हंट, पितळी ब्रश, कोरडा पुसून परत. बोटाने ढकलल्यावर सहज सरकला पाहिजे. नंतर हात साबणाने धू, घरात लहान मुलं असतील तर कपडेही बदल, शिसं हा विनोदाचा विषय नाही.

मूळ स्लाइड आणि बॅरल ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नको, चामडं कमावायची रसायनं गंज आणतात. तेल लावलेल्या कापडात, चिठ्ठी बांधून.

तू विचारलेलं दुसरं, मामेभावाकडच्या लुगर या जर्मन पिस्तुलाचं. एर्मा या जर्मन कंपनीने लुगर पी०८ साठी असंच किट काढलं होतं, १९२० च्या दशकाच्या शेवटी पेटंट आणि मग जर्मन सैन्यात सरावाला. त्यात .२२ ची बारीक बॅरल मूळ बॅरलच्या आत घालतात आणि वरचा टॉगल (सांध्यात दुमडणारा भाग) बदलतात. लुगरमध्ये अडचण अशी की छोट्या छोट्या भागांवर सिरीयल नंबरचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, एक भाग इकडचा तिकडे झाला की किंमत खाली. किट लावताना काढलेला प्रत्येक भाग लगेच एका पिशवीत जाऊ दे.

कायद्याचं. अमेरिकेत फेडरल कायद्याने सिरीयल नंबरवाली फ्रेम म्हणजे बंदूक, वरचं किट नव्हे, म्हणून ते घरी पोस्टाने येऊ शकतं, तरी आपापल्या राज्याचे नियम बघायचेच. तू नागरिक आहेस म्हणून तुला सीएमपीकडून घेता आलं. पण हे वाचणारे जे एच-१बी किंवा एफ-१ वर आहेत त्यांनी नीट ऐका, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक काय, काडतूससुद्धा जवळ बाळगायला फेडरल बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे ठरावीक अपवाद सोडले तर. मित्राची बंदूक घरी ठेवून घेणंही त्यात आलं. वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका. आणि हे किट बॅगेत घालून पुण्याला न्यायचा विचार कोणीही करू नका. भारतात १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली सुटे भागही शस्त्रातच धरतात आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना एका प्रकारचं शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणं हा गुन्हा स्पष्ट लिहिलेला आहे. तिकडे .२२ ची आवड असेल तर रायफल क्लब हा रस्ता आहे, कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण याच .२२ लाँग रायफलवर घेतलं आणि स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझही याच काडतुसाचं.

तर आता असं कर. मूळ स्लाइड लावून बघ, किट रात्रभर सॉल्व्हंटमध्ये ठेव, डब्यातले भाग मोज, मग मार्कर लावून परत प्रयत्न कर. मार्कर खरवडलेल्या जागेचा उजेडात काढलेला फोटो पाठव आणि किटच्या इजेक्टरचा एक, दोन्ही बाजूंनी. ते बघून सांगतो पुढे काय.